कोंडी फोडायची असेल तर रस्त्याच्या कडेपासून सुरुवात करावी लागेल

प्रश्न असा आहे: गोव्यात मांडवीवर तिसरा पूल झाला, झुआरीवर नवा पूल झाला, पर्वरीत उन्नत मार्ग हाती घेतला गेला, तरीही म्हापशाहून पणजीला किंवा मडगावहून वेर्ण्याला कामावर जाणाऱ्या माणसाचा वेळ वाचत नाही. दुचाक्या पदपथावर चढतात, बसगाड्या भर रस्त्यात थांबतात, सर्कलमध्ये जो आधी घुसेल त्याचे राज्य असते. याला रस्ते अपुरे पडतात हे कारण मानायचे की लोकांना शिस्त नाही हे, आणि दंडाची रक्कम आणखी वाढवली तर काही फरक पडेल का?

मी वाहतूक अभियंता आहे. चौकात उभे राहून गाड्या मोजणे, सिग्नलच्या वेळा बसवणे आणि पार्किंगची पाहणी करणे यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे उत्तरही त्याच अंगाने देतो. रस्त्याची रुंदी आणि माणसाचा स्वभाव या दोन गोष्टींना आपण गरजेपेक्षा जास्त दोष देतो. पदपथाच्या धारेपासून दोन-अडीच मीटरचा जो पट्टा असतो, ज्याला मी इथे रस्त्याची कड म्हणतो, त्याच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. आणि कोंडी व बेशिस्त या दोहोंचे मूळ बहुतेक ठिकाणी त्याच पट्ट्यात सापडते. तिथे गाडी उभी राहते, बस थांबते, टेम्पो माल उतरवतो, गाडा लागतो, भाड्याच्या स्कूटर ओळीने लावलेल्या असतात, आणि पदपथ तुटलेला असला की चालणारा माणूसही तिथेच उतरतो. हा पट्टा कोणाचा, किती वेळ आणि कोणत्या मोबदल्यात, हे ठरवल्याशिवाय पुढचे सगळे उपाय वरवरचे राहतात.

हे मत हवेतले नाही, साधा हिशेब आहे. सिग्नल हिरवा झाल्यावर पहिली गाडी हलायला साधारण दोन सेकंद जातात आणि त्यानंतर एका मार्गिकेतून दर दोन सेकंदांना एक मोटार बाहेर पडते. हिरवा दिवा ३० सेकंद असेल तर एका मार्गिकेतून १४ मोटारी सुटतात. सिग्नलचे पूर्ण चक्र १०० सेकंदांचे धरले तर तासाला ३६ चक्रे होतात, म्हणजे एका मार्गिकेतून सुमारे ५०० आणि दोन मार्गिकांतून सुमारे १,००० मोटारी जातात. त्या चौकात तासाला ७०० मोटारी येत असतील तर दोन मार्गिका ते काम आरामात करतात. आता स्टॉपलाईनला, म्हणजे सिग्नलपाशी गाडी थांबवायच्या रेषेला, लागून डाव्या बाजूला एक टेम्पो ‘दोनच मिनिटे’ म्हणून उभा राहिला आणि प्रत्यक्षात अर्धा तास थांबला, तर डावी मार्गिका बंद पडते, तासाला ५०० चीच क्षमता उरते आणि अर्ध्या तासात सुमारे शंभर मोटारी तुंबतात. एका मोटारीला रांगेत साडेसहा मीटर जागा लागते असे धरले तर एका मार्गिकेत ही रांग सहाशे मीटरच्या पुढे जाते. रांगेच्या शेवटी अडकलेल्या माणसाला तो टेम्पो दिसतही नाही. त्याला फक्त ‘रस्ता अरुंद आहे’ एवढेच दिसते, आणि दुसऱ्या दिवशी तो रुंदीकरणाची मागणी करतो.

पुलांचेही असेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवरचा तिसरा पूल, अटल सेतू, खुला झाला, नव्या झुआरी पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी त्यानंतर वर्षभराने सुरू झाली. हे पूल निरुपयोगी ठरले असे मी अजिबात म्हणणार नाही. कुठ्ठाळी आणि आगशीच्या दरम्यान ज्यांनी विमान चुकवले आहे त्यांना या पुलाची किंमत कळते. परंतु पूल किंवा उड्डाणपूल रांग संपवत नाही, ती पुढच्या चौकापर्यंत नेऊन सोडतो. नदीवर मिळालेली दहा मिनिटे मेरशीच्या सर्कलवर, पणजीत पाटोच्या तोंडाशी किंवा १८ जून रस्त्यावर जागा शोधण्यात परत जातात. शिवाय प्रवास सोपा झाला की जो आधी बसने किंवा दुसऱ्याच्या गाडीतून येत होता तोही स्वतःची गाडी काढतो. जगभर हा अनुभव आहे आणि गोवा त्याला अपवाद ठरण्याचे काहीच कारण नाही.

उलट गोव्यात तो जास्त तीव्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे. देशाची सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास आहे आणि कोणतेही दुसरे राज्य गोव्याच्या जवळपासही नाही. याला केवळ सुबत्ता कारणीभूत नाही. आपली वस्ती वाड्या-वाड्यांतून विखुरलेली आहे, कामाची ठिकाणे मात्र पणजी, पाटो, वेर्णा, बांबोळी, मडगाव अशा मोजक्या जागी एकवटली आहेत, आणि मधल्या प्रवासाला संध्याकाळी उशिरा बस मिळेल याची खात्री नाही. अशा माणसाने गाडी घेतली तर तो चैन करत नाही, नाइलाज म्हणून घेतो. म्हणून ‘लोकांनी गाड्या कमी काढाव्यात’ हा उपदेश मला निरर्थक वाटतो.

आता पार्किंगविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त फळ याच कामातून मिळते आणि सर्वांत जास्त विरोधही याच कामाला होतो. बाजारपेठेतील रस्त्यावर पार्किंगची पाहणी करण्याची पद्धत अगदी साधी आहे. सकाळी साडेनऊ वाजता रस्त्याच्या एका बाजूला उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे क्रमांक क्रमाने लिहून घ्यायचे आणि मग दर अर्ध्या तासाने तीच फेरी पुन्हा मारायची. संध्याकाळी तो तक्ता समोर मांडला की एक गोष्ट डोळ्यांत भरते: सर्वांत सोयीच्या जागांवरचे क्रमांक दिवसभर बदलतच नाहीत. त्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसतात; त्या असतात दुकानमालकांच्या, त्यांच्याकडे काम करणाऱ्यांच्या, वरच्या मजल्यावरील कचेऱ्यांतील लोकांच्या. म्हणजे पार्किंगचे शुल्क लावले तर गिऱ्हाईक येणार नाही अशी तक्रार करणाऱ्यानेच सकाळी गिऱ्हाइकाची जागा अडवलेली असते. दुपारपर्यंत खरे गिऱ्हाईक त्याच रस्त्यावरून दोनदा-तीनदा चकरा मारते, शेवटी दुसऱ्या रांगेत गाडी लावते, दिवे लुकलुकत ठेवते आणि फार्मसीत शिरते. मागून आलेली बस उजवीकडे वळसा घालते, समोरची दुचाकी थांबते, आणि दोन मार्गिकांच्या रस्त्याची एक मार्गिका उरते.

यावर तोडगा जागा वाढवण्याचा नाही, जागा फिरती ठेवण्याचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दिवंगत प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी मांडलेला निकष मला व्यवहारात सर्वांत उपयोगी वाटतो: रस्त्यावरील पार्किंगचा दर असा ठेवावा की कोणत्याही वेळी सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात आणि प्रत्येक पट्ट्यात एखाद-दुसरी जागा रिकामी सापडावी. याचा अर्थ सगळीकडे सरसकट भारी दर असा होत नाही. पहिला अर्धा तास नाममात्र, त्यानंतर चढत जाणारा दर, आणि थोड्या अंतरावरच्या आवारात किंवा बहुमजली पार्किंगमध्ये दिवसभरासाठी स्वस्त दर, अशी रचना हवी. आज आपण याच्या उलट करतो: दुकानासमोरची मोक्याची जागा फुकट किंवा जवळजवळ फुकट, आणि आत इमारतीत लावायचे तर पैसे. मग बहुमजली पार्किंग रिकामे राहते आणि ‘लोकांना सवय नाही’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. लोकांना हिशेब उत्तम कळतो, म्हणूनच ते तिथे जात नाहीत.

शुल्काचा पैसा कुठे जातो हे दिसले तर विरोध मावळतो. कॅलिफोर्नियातील जुन्या पासाडेनामध्ये १९९३ मध्ये मीटर बसवताना व्यापाऱ्यांना शब्द दिला गेला की हे उत्पन्न त्याच भागातील पदपथ, दिवे आणि सफाईवर खर्च होईल, आणि तो पाळला गेला. पणजी महापालिकेने किंवा म्हापसा पालिकेने एका रस्त्यापुरता तरी हा करार व्यापाऱ्यांशी करून पाहावा. दुचाकींनाही यातून वगळू नये, मात्र त्यांना न्याय्य जागा द्यावी: एका मोटारीच्या जागेत पाच दुचाक्या मावतात, म्हणून चौकाजवळच्या जागा दुचाकींना आणि पुढच्या मोटारींना दिल्या तर वळणावरची नजरही मोकळी राहते. माल उतरवण्यासाठी सकाळी दहापूर्वीची वेळ आणि आखलेली जागा ठरवून द्यावी. मासळी, भाजी आणि गॅस सिलिंडरच्या गाड्यांना तुम्ही ‘थांबू नका’ म्हणू शकत नाही. कुठे आणि केव्हा थांबा एवढेच सांगू शकता.

शिस्तीच्या प्रश्नाकडे वळतो. माझे निरीक्षण असे आहे की गोव्यातला माणूस पुण्याला किंवा बंगळूरला गेला की तिथल्यासारखी गाडी चालवतो आणि दुबईला नोकरीसाठी गेला की महिनाभरात मार्गिका पाळायला लागतो. स्वभाव तोच असतो, रस्ता बदललेला असतो. आपल्या रस्त्यावर नियम पाळायचा ठरवला तरी तो वाचायला मिळत नाही. जूनच्या पहिल्या पावसापूर्वी मारलेले पट्टे चतुर्थीपर्यंत पुसले जातात, स्टॉपलाईन दिसत नाही, झेब्रा क्रॉसिंग गतिरोधकाच्या चढावर येते, आणि एकेरी मार्गाची पाटी आंब्याच्या फांदीआड गेलेली असते. पणजीत मलनिस्सारण वाहिन्या आणि रस्त्यांच्या कामांसाठी गेली काही वर्षे खोदकाम चालू असताना वाहतूक वारंवार वळवावी लागली. त्या काळात उलट दिशेने जाण्याची जी मुभा लोकांनी आपणहून घेतली ती काम संपल्यावर आपोआप गेली नाही.

सर्कलचे उदाहरण घ्या. २०१७ च्या मोटार वाहन चालन नियमावलीनुसार सर्कलमध्ये आधीपासून असलेल्या वाहनाला प्राधान्य आहे. बाहेरून येणाऱ्याने थांबायचे. हा नियम पाळला गेला तर सर्कल सिग्नलशिवाय चालते, कारण आतली गाडी अडत नाही आणि बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा राहतो. आपल्याकडे सरळ जाणारा बाहेरचा माणूस आत घुसतो, आतला अडतो, त्याच्या मागचा पुढच्या तोंडाला अडवतो आणि चारही बाजूंना कुलूप लागते. मग हवालदार मध्ये उभा राहून हाताने वाहतूक सोडतो, ज्यामुळे नियम आणखी विस्मरणात जातो. सर्कलच्या प्रत्येक तोंडाशी तुटक आडवी रेषा, ‘वाट द्या’ची त्रिकोणी पाटी आणि प्रवेशाचा कोन थोडा आवळणारा दगडी कठडा एवढे केले तर वेग आपोआप उतरतो. यातले बरेचसे काम रंग, पाटी आणि थोड्या काँक्रीटचे आहे, उड्डाणपुलाचे नाही.

गतिरोधकांचीही तीच गत. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार सर्वसाधारण रस्त्यावरचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असावा, त्यावर रंग आणि आधी सूचना असावी. आपल्या गावांत एखादा अपघात झाला की रातोरात जो गतिरोधक उभा राहतो तो हातभर लांब, वीतभर उंच आणि बिनरंगाचा असतो. तो मोटारीचा वेग कमी करतो खरा, पण पावसाळी रात्री दुचाकीस्वाराला खाली पाडतो. आणि गोव्यात रस्त्यावर मरणाऱ्यांत दुचाकीस्वारच सर्वाधिक आहेत. गेल्या काही वर्षांत राज्यात रस्ता अपघातांत दरवर्षी सव्वादोनशे ते तीनशे माणसे दगावत आली आहेत. एवढ्याशा राज्याला हा आकडा फार मोठा आहे.

दंड वाढवण्याबद्दल माझे उत्तर नकारार्थी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पुरेसे दात आहेत: हेल्मेट नसेल तर १,००० रुपये आणि तीन महिने परवाना निलंबित, अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. प्रश्न रकमेचा नसून पकडले जाण्याच्या शक्यतेचा आहे. शंभरात एकदा होणाऱ्या पाच हजारांच्या दंडापेक्षा दहात एकदा हमखास होणारा पाचशेचा दंड माणसाला लवकर बदलतो, हे शिक्षेसंबंधीच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे आणि घरात मुले वाढवणाऱ्या कोणालाही ते वेगळे सांगायला नको. तालांव, म्हणजे दंडाची पावती, देण्याची जागाही महत्त्वाची आहे. उताराच्या वळणावर झाडाखाली उभे राहून कागदपत्रे तपासणाऱ्या पथकामुळे लोक एवढेच शिकतात की कागदपत्रे जवळ ठेवावीत. सिग्नल तोडू नये हे शिकवायचे असेल तर सिग्नलवर कॅमेरा हवा आणि त्याचा तालांव आठवड्याच्या आत घरी पोचायला हवा. सगळे नियम एकदम लावू नयेत. तीन महिने केवळ चौकापासूनच्या पहिल्या पंचवीस मीटरमधील पार्किंग आणि सिग्नल तोडणे या दोनच गुन्ह्यांवर लक्ष ठेवावे, मंत्र्याची गाडी असो वा काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली पर्यटकाची भाड्याची स्कूटर असो.

मद्यपान करून गाडी चालवण्याच्या बाबतीत मात्र मी कडकपणाच्या बाजूने आहे. रक्ताच्या १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि रात्रीच्या तपासणीला पर्याय नाही. पण तिथेही प्रश्न उरतोच की जत्रा, फेस्त, लग्न किंवा तियात्र संपवून रात्री अकराला घरी जाणाऱ्याने जायचे कशाने? दिवसा निदान पायलट, म्हणजे भाड्याने नेणारा मोटारसायकलवाला, मिळतो, रात्री तोही नाही.

म्हणून पार्किंगनंतर माझ्या यादीत दुसरी बस येते. पूर्ण भरलेली बस चाळीस-पन्नास माणसे नेते आणि रस्त्यावर साधारण तीन मोटारींइतकी जागा घेते. तीच माणसे मोटारींतून निघाली तर पंचवीस-तीस मोटारी लागतात. कदंब महामंडळ १९८० पासून आहे, पणजीत विजेवरच्या बसगाड्या आल्या आहेत, खाजगी बसगाड्यांना कदंबच्या छत्राखाली आणणारी ‘म्हजी बस’ योजनाही आखली गेली. दिशा बरोबर आहे. खाजगी बसवाला चौकातच थांबतो, दारात लोंबकळणारा कंडक्टर हाका मारत राहतो आणि मागची बस दिसली की गाडी उधळते, याला आपण बेशिस्त म्हणतो. पण त्याचे उत्पन्न जर तिकिटांवर अवलंबून असेल तर प्रवाशासाठी शर्यत लावणे हा त्याचा धंदाच आहे. त्याला धावलेल्या किलोमीटरमागे आणि वेळ पाळल्याबद्दल पैसे मिळाले तर ही शर्यत संपते. बसथांबा चौकाच्या तोंडावरून पन्नास-साठ मीटर पुढे नेणे आणि तिथली कड मोकळी ठेवणे हे काम त्याच्या जोडीला व्हायला हवे. शेवटची बस रात्री साडेनऊ-दहापर्यंत हमखास असेल तर दुकानात किंवा हॉटेलात काम करणारी मुलगी स्कूटरचा हप्ता काढण्याआधी एकदा विचार करील.

शाळेच्या वेळेची कोंडी हा याचाच एक भाग आहे. बालरथ योजनेतून शाळांना बसगाड्या मिळतात, तरीही शाळेच्या फाटकाशी मोटारींची गर्दी असते, कारण एका पालकाने मुलाला अगदी दाराशी सोडले की दुसऱ्यालाही तसेच करावे लागते. आधीच्या मोटारींमुळे चालत येणे धोक्याचे झालेले असते. फाटकापासून दोनशे मीटरवर सोडण्याची जागा, तिथून १.८ मीटर रुंद सलग पदपथ आणि एक शिपाई, एवढ्यावर हे सुटू शकते.

फेरीबोटींचा विचार नदीपलीकडच्या गावांपुरताच करू नये असे मला वाटते. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा हीच जलवाहतूक आधाराला आली होती. बेती-पणजी मार्गावर चालत जाणाऱ्यांसाठी लहान, वारंवार सुटणाऱ्या बोटी आणि बेतीच्या बाजूला पार्किंग दिले तर काही दुचाक्या पुलावर येणारच नाहीत. सिंगापूरने १९७५ मध्ये, लंडनने २००३ मध्ये आणि स्टॉकहोमने २००६ मध्ये शहराच्या गाभ्यात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावले आणि गर्दी खरोखर कमी झाली, पण त्या शहरांत गाडी घरी ठेवणाऱ्याला दुसरा पर्याय मिळत होता. पणजीत आज ते लावणे म्हणजे साळगावहून येणाऱ्या कारकुनाला दंड करणे होईल. सम-विषम क्रमांकाची योजना तर दोन गाड्या असलेल्या घराला काहीच करत नाही.

सगळ्यांत मोठी अडचण तांत्रिक नाहीच. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, पदपथ पालिकेचा, बसथांबा आणि परवाना वाहतूक खात्याचा, तालांव पोलिसांचा, आणि कडेचा पट्टा कोणाचाच नाही. प्रत्येक शहरात या चौघांचा मिळून एक अधिकारी नेमावा, ज्याच्या टेबलावर चौकांची यादी असेल आणि ज्याला रंग, खांब व पाट्यांसाठी फायली न फिरवता खर्च करता येईल.

सुरुवात एका चौकापासून करावी, काँक्रीट न ओतता. वेळ निवडायची तर चतुर्थी संपल्यानंतरचे आणि पर्यटनाचा हंगाम भरात येण्यापूर्वीचे आठवडे चांगले: पाऊस ओसरलेला असतो त्यामुळे रंग टिकतो, शाळा चालू असतात त्यामुळे गर्दी खरी असते. चौकाच्या चारही तोंडांशी पंचवीस मीटर कड शंकू आणि दोरीने मोकळी करावी, बसथांबा पुढे सरकवावा, माल उतरवण्याची जागा पिवळ्या रंगाने आखावी, आणि काम सुरू होण्यापूर्वीच्या व नंतरच्या त्याच वारी, त्याच वेळी रांगेची लांबी मोजावी. शुक्रवारच्या बाजारामुळे म्हापशात तो वार वगळावा किंवा मुद्दाम तोच घ्यावा, पण दोन्ही वेळा सारखाच. आलेले आकडे त्या चौकातल्या फलकावर लावावेत, आणि महिनाभरात रांग कमी झाली नाही तर शंकू उचलून दुसरी रचना लावून पाहावी.